पोच न मिळालेली पेशी

मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘अरवत्तक्के अरळु मरळु’. दोन्ही भाषांनी दोष वयावर टाकून हात झटकले आहेत. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पण आमची आजी जेवून उठल्यावर पुन्हा ताट मागू लागली, तेव्हा या म्हणी मला पुरेनात. म्हणून जीवशास्त्राच्या पुस्तकांकडे वळलो.

तेथे ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ या प्रथिनाची ओळख झाली. त्याला आपण मज्जावर्धक प्रथिन म्हणू. इटलीत १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना, त्या ज्यू म्हणून, विद्यापीठाचे दार बंद झाले. त्यांनी झोपायच्या खोलीतच कोंबडीच्या गर्भांवर प्रयोग चालू ठेवले. पुढे अमेरिकेत त्यांनी व स्टॅन्ली कोहेन यांनी या प्रथिनाचा छडा लावला. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याचे कार्य आमच्या शाखेच्या भाषेत सांगतो. स्मृतीला आवश्यक अशा काही मज्जापेशी मेंदूच्या तळभागात असतात व त्यांचे लांब तंतू मेंदूच्या बाह्य थरापर्यंत जातात. पेशी ही मुख्य कचेरी, तंतूचे टोक ही शाखा. टोकाजवळ तयार झालेले हे प्रथिन ‘ट्रॅक-ए’ नावाच्या ग्राहीला चिकटते आणि दोन्ही मिळून तंतूतून मागे कचेरीत येतात. ‘शाखा चालू आहे’ अशी ही पोच. ती येत राहिली तर पेशी तग धरते. न आली तर सुकू लागते.

अल्झायमरच्या रोगात या प्रथिनाचे कच्चे रूप बाह्य थरात साचलेले आढळते. पण ट्रॅक-ए घटतो व तंतूतील वाहतूक मंदावते. माल गोदामात, पोच मात्र कचेरीत नाही! अर्थात रोगाचे हे एकमेव कारण नव्हे; ॲमिलॉइड व टाऊ या प्रथिनांचे साठेही मेंदूत होतात.

मग हे प्रथिन टोचून का देऊ नये? कारण रक्तातून ते मेंदूत सहसा शिरत नाही. म्हणून अमेरिकेत त्याचे जनुक शस्त्रक्रियेने मेंदूत सोडून पाहिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रुग्णांना लाभ दिसला नाही. नंतर मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा ते इच्छित पेशींपर्यंत पोहोचलेच नव्हते असे आढळले. म्हणजे मालाची परीक्षा झालीच नाही, पत्ताच चुकला.

वाचकहो, हा रोग समूळ बरा करणारे औषध अजून नाही. पण विसर पडण्याचे कारण दर वेळी हाच रोग असतो असेही नाही. थायरॉइडची तक्रार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही स्मृती मंदावते, आणि त्यांवर इलाज आहे. म्हणून घरातील वडीलधारे विसरू लागले, तर म्हण ऐकवण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.