फळ खावे की रस प्यावा? रक्तातील साखरेचा हिशेब

नाशिक जिल्ह्यातील मनमाड हे शहर रेल्वेचे जंक्शन म्हणून सर्वपरिचित आहे. मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावरील या स्थानकातून एक फाटा दौंडकडे, तर दुसरा छत्रपती संभाजीनगरमार्गे नांदेडकडे जातो. फळांच्या दृष्टीनेही मनमाडचे स्थान मोक्याचे आहे. एका अंगास निफाड, पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरीचा द्राक्षांचा पट्टा, तर दुसऱ्या अंगास मालेगाव, सटाणा, देवळा या भागातील डाळिंबाच्या बागा. हंगामात टोपलीभर द्राक्षे किंवा पेरू घेऊन विक्रेते गाडीच्या खिडक्यांशी येतात. तेथूनच चार पावलांवर आंब्याच्या पेयाच्या बाटल्या थंड पेटीत मांडलेल्या असतात आणि स्थानकाबाहेर पडताच रसवंतीच्या चरकाचे घुंगरू ऐकू येते. प्रवासी यांपैकी काहीही घेतो, आणि 'शेवटी फळच ते' असे मनाशी म्हणतो. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासून पाहण्यासारखे आहे. मधुमेह झालेल्यांपुरताच हा प्रश्न नाही. निरोगी, धडधाकट माणसाच्या शरीरातही फळ आणि फळाचा रस यांचे वर्तन सारखे नसते.

एका चमच्याची साखर

निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. सकाळी उपाशीपोटी त्यातील शर्करेचे प्रमाण दर १०० मिलिलिटरला साधारणतः ७० ते १०० मिलिग्रॅम असते. हिशेब केला तर संपूर्ण रक्तात मिळून पाच ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे चहाचा एक चमचा भरेल एवढीच साखर असते. एवढ्याशा साठ्यावर मेंदू रात्रंदिवस अवलंबून असतो. यकृत त्यात सतत भर घालीत राहते आणि तो कमीअधिक होऊ नये याची व्यवस्था शरीराने मोठ्या काटेकोरपणे केलेली आहे.

आता २५० मिलिलिटर उसाच्या रसाचा विचार करावा. त्यात ३० ते ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे रक्तातील एकूण साखरेच्या सहा-सातपट. ती दोन-चार घोटांत पोटात जाते. ती सर्वच्या सर्व एकदम रक्तात आली असती तर अनर्थ ओढवला असता. तसे होत नाही, कारण जठर आपल्यातील द्रव थोडाथोडा करून लहान आतड्यात सोडते आणि शर्करा रक्तात येऊ लागताच स्वादुपिंड इन्शुलिन स्रवू लागते. इन्शुलिनच्या आज्ञेने स्नायू आणि यकृत ही शर्करा उचलून घेतात. निरोगी माणसाची रक्तशर्करा अर्ध्या ते एक तासात वर चढते व दोन तासांत १४० मिलिग्रॅमच्या खाली येते. या चढउताराचे स्वरूप कसे असेल, चढ किती उभा आणि उतार किती तीव्र, हे मात्र आपण काय आणि कोणत्या रूपात घेतले यावर ठरते.

फळातील गोडी एकाच शर्करेची नसते. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज, म्हणजे आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतील द्राक्षशर्करा, फलशर्करा व इक्षुशर्करा, या तिन्ही तीत कमीअधिक प्रमाणात असतात. द्राक्षशर्करा हे नाव सार्थ आहे. १७४७ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आन्द्रेआस मार्गग्राफ यांनी ती मनुकांतूनच वेगळी काढली होती. रक्तात मोजली जाते ती हीच शर्करा. फलशर्करेचा मार्ग वेगळा. तिचा बहुतेक भाग आतड्यात व यकृतातच खर्ची पडतो, त्यामुळे ती रक्तशर्करा फारशी वाढवीत नाही. सफरचंदात फलशर्करा द्राक्षशर्करेच्या दुपटीच्या आसपास असते, द्राक्षात दोन्ही जवळजवळ समसमान असतात, तर पिकलेल्या आंब्यात इक्षुशर्करेचा वाटा मोठा असतो. म्हणून जिभेला लागणाऱ्या गोडीवरून रक्तशर्करेचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. जिभेला मुळीच गोड न लागणारा पांढरा भात पुष्कळ गोड फळांपेक्षा रक्तशर्करा अधिक वाढवितो. टोरंटो विद्यापीठाच्या डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अन्नपदार्थांची या दृष्टीने प्रतवारी करण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून ही गोष्ट आकड्यांनी दाखविता येऊ लागली.

सफरचंदाचा प्रयोग

फळ आणि रस यांतील फरकावर सर्वांत बोलका प्रयोग इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला आणि १९७७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दहा निरोगी व्यक्तींना वेगवेगळ्या दिवशी तीन प्रकारांनी सफरचंद देण्यात आले. एकदा अख्खी फळे, एकदा त्यांचा लगदा आणि एकदा चोथा काढलेला रस. तिन्ही वेळा कर्बोदके सारखीच, म्हणजे ६० ग्रॅम होती.

पहिला फरक घड्याळानेच दाखविला. रस पिण्यास जेवढा वेळ लागला त्याच्या अकरा पट वेळ फळे खाण्यास लागला, लगद्याला रसाच्या चौपट. रक्तशर्करेची कमाल पातळी मात्र तिन्ही वेळा जवळपास सारखीच राहिली. येथेच थांबले असते तर 'फळ काय, रस काय, सारखेच' असा निष्कर्ष निघाला असता. परंतु संशोधकांनी पुढेही रक्ताचे नमुने घेतले. रसानंतर इन्शुलिन फळापेक्षा अधिक उसळले होते, आणि त्याचा परिणाम म्हणून काही वेळाने रक्तशर्करा झपाट्याने खाली घसरली. लगद्यानंतर ही घसरण कमी होती, अख्ख्या फळानंतर ती दिसलीच नाही. पोट भरल्याची भावनाही फळाने सर्वाधिक आणि रसाने सर्वांत कमी दिली.

कारण उघड आहे. फळातील साखर पेशींच्या भिंतींत बंदिस्त असते. दाताने चावून त्या भिंती काही अंशी फुटतात, उरलेले काम जठर व आतडे सावकाश करतात. पेक्टिनसारखे तंतुमय पदार्थ तो सगळा ऐवज दाट ठेवतात. रस काढताना हे सारे चोथ्याबरोबर बाजूला जाते आणि साखर मोकळी होऊन पाण्यात उतरते. दुपारी रसाचा मोठा पेला घेतलेल्या कारकुनाला वा गाडीचालकाला तास-दीड तासाने पुन्हा काहीतरी खावेसे वाटते, त्यामागे ही घसरण असू शकते.

द्राक्षाचा अपवाद

नाशिक जिल्ह्याच्या वाचकांना यापुढील भाग विशेष जवळचा वाटेल. ब्रिस्टलच्याच संशोधकांनी १९८१ मध्ये संत्री आणि द्राक्षे यांवर तसाच प्रयोग प्रसिद्ध केला. संत्र्याने सफरचंदाचीच री ओढली. द्राक्षाने मात्र अपेक्षा उलटी केली. अख्खी द्राक्षे खाल्ल्यानंतर इन्शुलिन रसापेक्षाही अधिक वाढले आणि नंतरची रक्तशर्करा दोन्ही वेळा सारखीच राहिली. द्राक्ष मऊ असते, त्यात द्राक्षशर्करा भरपूर आणि तंतू थोडे. तेव्हा 'फळ म्हणजे सावकाश आणि रस म्हणजे जलद' हा नियम सरसकट लावता येत नाही. तृप्ती मात्र द्राक्षांनीही रसापेक्षा अधिक दिली.

दुसरीकडे, चोथ्यासह घुसळलेले फळ रसाइतके दोषी नाही असेही दिसू लागले आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना सफरचंद व ब्लॅकबेरी ही फळे अख्खी व घुसळून देण्यात आली. घुसळलेल्या फळांनी रक्तशर्करा उलट कमी वाढविली. बिया भरडल्या गेल्याने त्यांतील तंतू मोकळे झाले असावेत, असा तर्क आहे. फळ यंत्रात घातले म्हणजे ते बिघडले असे नव्हे. ते गाळले आणि वर साखर घातली, की बिघडले.

मग द्राक्षे टाळावीत काय? एका बैठकीतील चढउतार ही एक गोष्ट आणि वर्षानुवर्षांचा परिणाम ही दुसरी. अमेरिकेत तीन मोठ्या अभ्यासांतील १,८७,३८२ स्त्रीपुरुषांची अनेक वर्षांची माहिती २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला तीन वेळा अधिक द्राक्षे किंवा मनुका खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी आढळला. तेवढ्याच प्रमाणात फळांचा रस अधिक पिणाऱ्यांत तो सुमारे ८ टक्क्यांनी अधिक होता. अशा पाहणीतून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही, कारण फळे खाणारी माणसे इतर बाबतींतही जपून राहणारी असू शकतात. तरीही द्राक्षाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यास या आकड्यांत आधार नाही.

प्रमाणाचा विवेक मात्र हवा. १०० ग्रॅम द्राक्षांत १५-१६ ग्रॅम साखर असते. तेवढ्याच पेरूत ती ९ ग्रॅमच्या आसपास आणि शिवाय तंतू पाच ग्रॅमहून अधिक. या बाबतीत आपला साधा पेरू महागड्या परदेशी फळांना भारी पडतो. कलिंगडात साखर जेमतेम ६ ग्रॅम. ते रक्तशर्करा वेगाने वाढविते असे म्हटले जाते ते खरे, पण त्यात मुळात पाणीच इतके की एक-दोन फोडींनी फारसे काही होत नाही. द्राक्षे वाळवून मनुका किंवा बेदाणा झाला की पाणी जाऊन १०० ग्रॅमला साखर ६० ग्रॅमच्या घरात पोचते. घडातील वीस द्राक्षे खाताना हात आपोआप थांबतो. वीस बेदाणे मात्र मुठीत मावतात आणि बोलता बोलता संपतात.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दिवसाला सुमारे १०० ग्रॅम फळांचा समावेश सुचविला आहे. बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांत तेवढेही फळ रोज ताटात येत नाही. आपल्याकडील खरी उणीव फळांच्या अतिरेकाची नसून अभावाची आहे. जी जागा फळाने घ्यावयाची ती गोड पेयाने घेतली, तर ते नुकसान दुहेरी होते.

बाटलीतील 'फळ'

बाटलीबंद पेयांचा प्रकार आणखी निराळा. भारतातील नियमांप्रमाणे तयार फळपेयात फळाच्या रसाचे प्रमाण किमान १० टक्के असले की पुरे, लिंबाच्या बाबतीत ५ टक्के. बाकी पाणी व साखर. बाटलीवरील आंब्याचे चित्र कितीही रसरशीत असले तरी आतील गोडी बहुतांशी साखर कारखान्यातून आलेली असते. दाट केलेल्या अर्कात पाणी घालून बनविलेल्या रसांवर '१०० टक्के फळांचा रस' असे छापण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये मनाई केली.

वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय शाळांतून लावता येण्याजोगी आहे. गणिताच्या तासालाही ती चालेल. दर १०० मिलिलिटरला १३ ग्रॅम साखर असे छापले असेल, तर २०० मिलिलिटरच्या खोक्यात ती २६ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मोकळ्या साखरेचे प्रमाण एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली ठेवण्याची शिफारस केली आणि ५ टक्क्यांखाली आणल्यास अधिक बरे, असे सुचविले. २,००० उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका खोक्याने दिवसाचा हा वाटा संपतो. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, घरी काढलेल्या निर्भेळ रसातील साखरही संघटनेने 'मोकळी' म्हणूनच मोजली आहे. अख्ख्या फळातील साखर तीत धरलेली नाही.

मनमाडने पाणीटंचाईचे अनेक उन्हाळे काढले आहेत. अशा गावी आणि अशा स्थानकावर गोड पेय पुष्कळदा भुकेपोटी नव्हे, तहानेपोटी घेतले जाते. तहान पाण्याची असते. सभासमारंभात स्वच्छ गार पाणी, ताक किंवा बेताची साखर घातलेले लिंबू वा कोकम सरबत ठेवले तर पाहुणचारात काही उणे पडत नाही. घरच्या सरबतात दोन चमचे साखर, म्हणजे आठ-दहा ग्रॅम, पुरते. चमचा आपल्या हाती असतो.

'निरोगी' कोणाला म्हणावे?

वर निरोगी प्रौढांविषयी जे सांगितले ते सर्वांना तंतोतंत लागू पडेल असे नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत मातांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास चालविला. भारतीय बालक जन्मतः वजनाने लहान असले तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असे त्यातून दिसून आले. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे 'लॅन्सेट'मध्ये छापली. उंची व वजन यांवरून काढलेला निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून तसा असेलच असे नाही, हे दाखविण्यास याहून सुटसुटीत पुरावा मिळणे कठीण.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरील माणसाला बहुधा कोणताही त्रास जाणवत नाही, आणि रसाचा पेला उचलताना तो स्वतःला निरोगीच समजत असतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी शासकीय आरोग्य केंद्रांत रक्तशर्करेच्या तपासणीची सोय आहे. ग्रामसभेच्या दिवशीच असे शिबिर भरविले तर एका बोटाच्या टोचणीत बऱ्याच गोष्टी उघड होतील.

रसाचा वेग एका प्रसंगी मात्र कामी येतो. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीची रक्तशर्करा एकाएकी फार खाली गेली तर घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. शाळेत वा कार्यालयात असे घडल्यास आणि ती व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास अर्धा पेला फळांचा रस किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे व सुधारणा नसल्यास पुन्हा द्यावी. त्या वेळी अख्खे फळ देण्यात वेळ दवडू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालयात न्यावे.