डिझेलचे शुद्धीकरण आणि अधिशोषक पदार्थ

शेतातील ट्रॅक्टर, एस. टी. ची गाडी, वीज गेल्यावर आरोग्य केंद्रात चालणारे जनित्र, ही सारी साधने आजही मोठ्या प्रमाणावर डिझेलवर अवलंबून आहेत. ऐन गरजेच्या वेळी जनित्र सुरू झाले नाही, तर दोष बहुधा यंत्राला दिला जातो. पुष्कळदा मात्र दोष इंधनातील अशुद्धीचा असतो. ही अशुद्धी कोणती, ती कशी दूर होते आणि त्यात अधिशोषक पदार्थांचे स्थान कोणते, याची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

अशुद्धीचे दोन प्रकार

पहिला प्रकार खनिज तेलाबरोबरच येणाऱ्या द्रव्यांचा. गंधकाची संयुगे ही त्यांत प्रमुख होत. गंधक जळून सल्फर डायॉक्साइड हा विषारी वायू बनतो, धुरातील सूक्ष्म कण वाढतात आणि धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक निकामी होतात. दुसरा प्रकार वाहतूक व साठवण यांत शिरणाऱ्या द्रव्यांचा : पाणी, धूळ, गंज आणि गाळ. टाकीच्या तळाशी पाणी साचले, की पाणी व तेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांचा चिकट थर गाळणी बंद करतो.

अधिशोषण म्हणजे काय ?

टीपकागद शाई आत ओढून घेतो. ते शोषण होय. अधिशोषणात मात्र एखाद्या द्रव्याचे रेणू घन पदार्थाच्या केवळ पृष्ठभागावर धरून ठेवले जातात. म्हणून ज्याचा पृष्ठभाग अधिक, तो अधिशोषक चांगला. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या उत्तम सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅममधील असंख्य छिद्रांचा पृष्ठभाग सुमारे 1,000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो ! सिलिका जेल, ॲल्युमिना, झिओलाइट आणि मुलतानी मातीसारख्या मृत्तिका हे अन्य परिचित अधिशोषक होत.

तेलशुद्धीकरण कारखान्यातील उपयोग

कारखान्यात गंधक काढण्याची मुख्य रीत वेगळी आहे. सुमारे 300 ते 400 अंश सेल्सिअस तापमानात, मोठ्या दाबाखाली, कोबाल्ट-मॉलिब्डेनमसारख्या उत्प्रेरकावरून डिझेल व हायड्रोजन नेतात. गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने वेगळे होते. परंतु काही संयुगांत गंधकाचा अणू शेजारच्या मेथिल गटांनी झाकलेला असतो. तेथपर्यंत उत्प्रेरक सहज पोहोचत नाही आणि शेवटचा अंश काढणे खर्चाचे ठरते. या ठिकाणी अधिशोषणाचा विचार पुढे आला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 2003 साली तांबेयुक्त झिओलाइट सामान्य तापमानातही गंधकाची संयुगे पकडू शकतो, असे दाखविले.

याची मर्यादा एका उदाहरणाने कळेल. समजा, एक किलो अधिशोषक 5 ग्रॅम गंधक धरतो. दशलक्ष भागांत 50 भाग गंधक असलेल्या एक टन डिझेलमधून 40 ग्रॅम गंधक काढून ते 10 भागांवर आणावयाचे, तर 8 किलो अधिशोषक पुरेल. पण मुळात गंधक एक टक्का असेल, तर त्याचे वजन 10 किलो होते, आणि त्यासाठी दोन टन अधिशोषक लागेल ! शिवाय डिझेलमधील ॲरोमॅटिक संयुगे गंधकापेक्षा कितीतरी अधिक असून तीही पृष्ठभागावरील जागा अडवितात. म्हणून अधिशोषण हे शेवटचा हात फिरविण्याचे साधन आहे. मुख्य प्रक्रियेची जागा ते घेऊ शकत नाही.

भारतात 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-6 मानकानुसार डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत 10 पेक्षा अधिक असता कामा नये. 2017 पासून देशभर लागू असलेल्या स्टेज-4 मध्ये ही मर्यादा 50 होती.

ग्रामपातळीवर घ्यावयाची काळजी

मग डिझेल कोळशातून किंवा मातीतून गाळून घ्यावे काय ? मुळीच नाही. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण कमी होतो. तो राखण्यासाठी मिसळलेली द्रव्ये हाच कोळसा किंवा माती खेचून घेते आणि पंपाची झीज वाढते. सुटलेली बारीक पूड अंतःक्षेपकाची छिद्रे घासते, ते वेगळेच. भेसळीचे रॉकेलही अशा गाळण्याने निघत नाही, कारण त्याचे घटक डिझेलच्याच जातीचे असतात. तेलाने माखलेली माती उघड्यावर टाकणेही धोक्याचे आहे. तेलशुद्धीकरणातून उरलेल्या अशा मातीची गणना 2016 च्या नियमांत घातक कचऱ्यात केलेली आहे.

त्याऐवजी साध्या गोष्टी नियमाने कराव्यात. साठ्याची टाकी शक्यतो भरलेली ठेवावी, म्हणजे आतील हवेतील बाष्प थंड होऊन पाणी साचणार नाही. तळाच्या तोटीतून पाणी व गाळ वेळोवेळी काढावा. नवे डिझेल भरल्यावर ते स्थिरावू द्यावे. गाळणी व जलविभाजक ठरल्या वेळी बदलावेत. जुना साठा आधी वापरावा आणि जनित्र महिन्यातून एकदा तरी चालवून पाहावे.

गंधक काढण्याचे काम कारखान्याने केलेले असते. त्यानंतर पाणी व धूळ इंधनात शिरू न देणे हे साठा सांभाळणाऱ्याचे काम आहे. शस्त्रक्रियेच्या मध्यावर वीज गेली, की त्या कामाचे मोल कळते.