स्वस्त प्रिंटर, महाग पान
गावात सात-बारा छापून देण्यासाठी आपली मुले लातूर-नांदेडहून स्वस्त लेझर प्रिंटर आणतात. आणण्याआधी हिशोब करू. सोबतची टोनरची डबी बहुधा अर्धवट भरलेली असते, लवकर संपते. नवी डबी समजा ३,००० रुपयांची, पाने १,५००. म्हणजे पानाला २ रुपये, कागद वेगळा. हा आकडाही पानाचा ५ टक्के भागच काळा धरून असतो. दाट छपाईला टोनर जास्त लागतो. पावसाळ्यात दमट कागद अडकतो. तापणारा रोलर एकदम वीज ओढतो, म्हणून छोट्या यूपीएसवर जोडू नये. डबी, ड्रम अन् दुरुस्तीचा खर्च आधी विचारा. ऊस लावताना आपण नुसता बेण्याचा भाव बघतो का? एकरी खर्च धरतो. तसेच हे.