एस११ मोजण्याआधी संदर्भ मोजा

अँटेनाला ना बॅटरी असते ना अँप्लिफायर. तरी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी ८६६ मेगाहर्ट्झच्या लोरा अँटेनाचा जो आलेख माझ्यासमोर ठेवला, त्यात एस११ची रेषा दोन ठिकाणी शून्य डेसिबलच्या वर चढली होती. पाठवली त्याहून जास्त शक्ती अँटेना परत करतोय, असा त्याचा अर्थ. मुलं कोड तपासून थकली होती. कोडमध्ये काही बिघडलेलं नव्हतं. टेबलावर हॅकआरएफ नावाचे दोन एसडीआर (सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ) होते, एक पाठवणारा आणि एक ऐकणारा. घोळ तिथेच होता.

एस-पॅरामीटर म्हणजे गुणोत्तर: परत आलेली लहर भागिले गेलेली लहर. दोन्हींचा आकारही लागतो आणि फेजही. नुसतं परत आलेलं मोजून एस११ सांगणं म्हणजे एकाच पारड्याकडे बघून वजन सांगणं. एसडीआरमध्ये तर अडचण दुप्पट होते, कारण दर वेळी वारंवारता बदलली की आतला पीएलएल नव्याने लॉक होतो आणि कुठल्या फेजला लॉक होईल याचा नेम नसतो. ओपन, शॉर्ट आणि ५० ओहमचा लोड लावून कॅलिब्रेशन केलं, पण तिन्ही वेळची फेज वेगळीच निघाली. त्यातून काढलेली दुरुस्ती मोजमापाला लावली, की शून्याच्या वर जाणाऱ्या रेषा मिळतात. 'पण सर, १० मेगाहर्ट्झचं क्लॉक दोघांना एकच दिलंय,' असं मुलं म्हणाली. त्याने वारंवारता जुळते, फेज नाही. हा गैरसमज मी इतक्या प्रयोगशाळांत पाहिलाय की आता आधी तोच विचारतो.

उपाय महागडा नाही, पण उपकरण निवडतानाच तो ठरवावा लागतो. ज्यात दोन रिसीव्हर एकाच लोकल ऑसिलेटरवर चालतात, असा एसडीआर घ्या. लाइमएसडीआर किंवा यूएसआरपी बी२१० चालेल. पाठवलेल्या लहरीचा थोडा भाग पहिल्या रिसीव्हरला द्या, कपलरमधून आलेली परतीची लहर दुसऱ्याला, आणि भागाकार करा. पीएलएलची लहरी फेज दोन्हीकडे सारखीच असल्याने कटून जाते. पटलं नाही तर शॉर्ट लावून दोनदा स्वीप घ्या आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. उत्तर सगळीकडे १ आणि फेज शून्याच्या आसपास आली पाहिजे. एवढं जमेपर्यंत अँटेना हातात घेऊ नका.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. एजीसी बंद, आणि कॅलिब्रेशननंतर गेनला हात नाही. टोन बरोबर मध्यावर ठेवू नका, तिथे डीसीचा उंचवटा बसलेला असतो. शंभरेक किलोहर्ट्झ बाजूला घ्या. ट्रान्समीटर थेट रिसीव्हरला जोडू नका. हॅकआरएफला उणे ५ डीबीएमच्या वर सिग्नल सोसत नाही, आणि तो स्वतः काही पट्ट्यांत १० डीबीएमच्या पुढे सोडतो. मध्ये ३० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर न घातल्यामुळे पुढचा अँप्लिफायर उडालेली पेटी मी पाहिली आहे. केबलही टेबलाला चिकटवून टाका. कॅलिब्रेशननंतर टोकाला सेंटिमीटरभर लांबी वाढली, तरी ८६६ मेगाहर्ट्झला एस११ची फेज सुमारे ३० अंशांनी सरकते.

स्वस्त किटमधला लोड मल्टिमीटरवर ५० ओहम दाखवतो. गिगाहर्ट्झला तो काय असतो ते त्यालाच ठाऊक. म्हणून कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेल्या एखाद्या वस्तूने पडताळा घ्या. ३ डेसिबलच्या अ‍ॅटेन्युएटरच्या टोकाला शॉर्ट लावला, तर जाता-येता मिळून उणे ६ आलंच पाहिजे. १० डेसिबलचा असेल तर उणे २०. हे दोन आकडे जुळले नाहीत तर स्मिथ चार्ट कितीही देखणा असो, फेकून द्या.

फिल्टरचा एस२१ मोजताना निराळी फसगत होते. पेटीच्या आत ट्रान्समीटरमधून रिसीव्हरकडे सिग्नल गळतो. फिल्टरचा स्टॉपबँड खाली जाऊन सपाट झालेला दिसला, तर ती बहुधा या गळतीची पातळी असते. दोन्ही पोर्टला लोड लावून ती आधी नोंदवून ठेवा.

आणि अँटेना जोडून केलेला स्वीप हे प्रक्षेपणच असतं. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला मर्यादित शक्तीपुरती परवान्यातून सूट आहे, पण स्वीप त्या हद्दीत थांबत नाही. जुन्नर-नारायणगावच्या बाजूला तर हे विशेष सांभाळा. खोडदची जीएमआरटी दुर्बीण याच वारंवारतांच्या शेजारी अतिक्षीण सिग्नल ऐकत असते.

एवढं सगळं फक्त एक अँटेना जुळवण्यासाठी करणार असाल, तर नॅनोव्हीएनए हे तयार मोजयंत्र घ्या. साधा नॅनोव्हीएनए ९०० मेगाहर्ट्झपर्यंत जातो, ३०० च्या वर हार्मोनिकवर चालतो म्हणून तिथे त्याची नजर थोडी मंद होते, पण लोराच्या अँटेनाला ती पुरते. मोजमाप आतून कसं चालतं हे शिकायचं असेल, तरच एसडीआरच्या वाटेला जा.