छातीचा स्कॅन : भीतीही नको, बेफिकिरीही नको

वागळे इस्टेटमधील कारखान्यांत आणि घरोघरी राबणाऱ्या आमच्या माता-भगिनींना खोकला लांबला की छातीचा फोटो, आणि गरज भासल्यास सिटी स्कॅन काढावा लागतो. काहीजणी किरणांच्या भीतीने तपासणीच टाळतात, तर काहींची फिल्म हरवते, डॉक्टर बदलतो आणि तोच स्कॅन पुन्हा काढला जातो. या दोन्ही गोष्टी टाळल्या पाहिजेत.

स्तनांच्या पेशी क्ष-किरणांना संवेदनशील असतात. वय जितके कमी, तितका धोका अधिक. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९२५ ते १९५४ या काळात क्षयरोगी स्त्रियांची छाती उपचार चालू असताना वारंवार क्ष-किरणांखाली पाहिली जाई. पुढे त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले.

मात्र प्रमाण समजून घ्यावे. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरण मिळतात. छातीच्या साध्या फोटोत ते ०.१ किंवा त्याहूनही कमी, तर छातीच्या सिटी स्कॅनमध्ये सुमारे ७ असतात. म्हणून गरजेचा स्कॅन जरूर काढावा, बिनगरजेचा टाळावा.

भगिनींनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) जुन्या फिल्म, सीडी व रिपोर्ट एका पिशवीत जपावेत आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवावेत.

२) 'साध्या फोटोवर किंवा सोनोग्राफीवर भागेल का?' असे नम्रपणे विचारावे. सोनोग्राफी व एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात.

३) फोटोच्या वेळी छाती प्लेटला लावून उभे राहावे. किरण पाठीकडून येतात आणि स्तनांपर्यंत पोहोचेस्तोवर क्षीण होतात. सांगितल्यावर श्वास रोखावा व हलू नये, म्हणजे फोटो पुन्हा काढावा लागत नाही.

४) सिटीच्या वेळी छातीवर आवरण घालण्याचा हट्ट धरू नये, त्याने चित्र बिघडू शकते. आजची यंत्रे शरीराच्या जाडीप्रमाणे किरण कमी-जास्त करतात.

५) गरोदरपणाची शंका असल्यास आधीच सांगावे.

किरणांशिवायही तपासणी होते. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या स्त्रियांपैकी पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्के कमी होते.

तेव्हा गाठ जाणवल्यास लाजून घरी बसू नये. डॉक्टरांनी मॅमोग्राफी सांगितली तर तीही करून घ्यावी. तिच्यातील किरण अल्प असतात. प्रत्येक घरात रेशनकार्डाशेजारी फिल्मची पिशवी असावी, एवढेच आमचे सांगणे आहे.