पेरूचा वास पाहुण्यालाच का येतो?

प्रश्न : राहात्याला आमची पेरूची बाग आहे. हंगामात पाहुणे आले की फाटकातूनच म्हणतात, ‘काय घमघमाट सुटलाय!’ आम्हाला मात्र दिवसभर काही जाणवत नाही. नाक बिघडलं असेल का?
– एक बागायतदार, राहाता

उत्तर : नाक ठणठणीत असणार. माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. पिकलेल्या पेरूचे रेणू त्यातल्या काहींना चेतवतात. ही झाली संवेदना. ‘हा पेरू’ हे ठरवतो मेंदू.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ वॉल्टर फ्रीमन यांनी सशांच्या मेंदूतल्या गंधकंदावर, म्हणजे नाकाकडून वासाचे संदेश आधी पोहोचतात त्या भागावर, ६४ इलेक्ट्रोड बसवून हे पाहिलं. श्वास आत घेतला की तिथल्या असंख्य चेतापेशी एका लयीत उसळत. वासाची ओळख कुठल्या एका पेशीत सापडली नाही, ती त्या सगळ्या उसळीच्या नक्षीत होती. खरी गंमत पुढे आहे. सशाला नवा वास शिकवला की जुन्या वासांच्या नक्ष्याही बदलत! म्हणजे नक्षी निव्वळ रसायनाची नव्हे. त्या वासाचं त्या जिवाला काय मोल, याची.

तुमच्याकडे तो वास चोवीस तास, त्यात नवी खबर काहीच नाही. ग्राहक मंदावतात, मेंदूही दखल घेणं सोडतो. क्रेटमध्ये एखादा पेरू सडू द्या, बहुधा तुम्हालाच आधी कळेल. चार दिवस परगावी राहून आलात तरी फरक जाणवेल. फोडणी, उदबत्तीचाही वास येईनासा झाला असेल, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.