खडकांवर चढणाऱ्या खेळमोटारीच्या दांड्या व आडपट्ट्या

खडकांवर चढणाऱ्या, रेडिओनें हांकावयाच्या लहान मोटारी बहुधा खऱ्या मोटारीच्या एकदशांश मापाच्या असतात. त्यांना वेगाची हौस नसते. चारही चाकें दगडावर टेकलेलीं राहावीं, एवढीच अपेक्षा. तें साधतें आंस व चौकट यांस जोडणाऱ्या दांड्यांमुळें. प्रत्येक आंसास बहुधा चार दांड्या असतात: खालच्या दोन जवळजवळ समांतर, वरच्या दोन तिरप्या. या तिरपेपणामुळेंच आंस डावीउजवीकडे सरकत नाहीं.

आपणांस या दांड्या ६ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सळईपासून करतां येतील. लांबी मोजावयाची ती सळईची नव्हे. दोन्ही टोकांस बसणाऱ्या सांध्यांतील गोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची. खालच्या जोडीतील एक दांडी मिलिमीटरभर मोठी झाली, तरी आंस तिरपा बसतो व गाडी सरळ जात नाहीं. म्हणून दोन्ही सळया एकत्र धरूनच कानशीनें घासाव्या. ३ मिलिमीटरच्या आट्यांसाठीं २.५ मिलिमीटरचें भोंक पाडावें व टॅप अर्धा वेढा पुढें, पाव वेढा मागें असा फिरवावा. मधून रॉकेलचे थेंब सोडावे. उतावळ्या हातांत टॅप मोडतो. मग सळईही गेली आणि टॅपही गेला!

आतां चौकट. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या कोपऱ्यांत टांचण्यांनीं जोडून पाहा. चौकोन सहज कलतो. कर्णाची पांचवी पट्टी जोडतांच ताठ होतो. केवळ काटकोनांत आडपट्ट्या घालणारे येथेंच फसतात. मात्र कर्णानें पीळ थांबत नाहीं. त्यासाठीं सपाट पट्टीपेक्षां दोन्ही टोकांस घट्ट आंवळलेली नळी आम्हांस अधिक पसंत आहे.